तीन शहरं, नऊ रात्री आणि साडेतीन वर्षांची लेक

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही तिघं पहिल्यांदाच परदेशात फिरायला जाणार आहोत. लेक साडेतीन वर्षांची आहे. नवऱ्यानं सगळी आखणी एक्सेलमध्ये करून ठेवली आहे: लंडन तीन रात्री, पॅरिस तीन, ॲमस्टरडॅम तीन. रोजच्या रकान्यात चार-पाच ठिकाणं आहेत. त्याला कॉलेजात असल्यापासून लूव्र संग्रहालय बघायचं आहे, त्यामुळे पॅरिसबद्दल तो फार हळवा आहे. मला मात्र तो तक्ता बघूनच दम लागतो. लेक दुपारी अजून झोपते, खाण्याचे नखरे आहेत, दमली की जागच्या जागी बसते आणि उठत नाही. बाबागाडी तिनं वर्षापूर्वीच सोडली. घरातली मोठी माणसं म्हणतात, 'तिला यातलं काही आठवणार नाही, मोठी झाल्यावर जा.' यावरून आमची दोनदा भांडणं झाली. रजा जूनमध्ये मिळेल किंवा सप्टेंबरच्या शेवटी. तिकिटं काढलेली नाहीत. आम्ही चुकतोय का?
— तक्त्यानं दमलेली आई"

तक्त्यानं दमलेल्या आईला,

तिकिटं अजून काढलेली नाहीत, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्या तक्त्यातली दोन शहरं आजच पुसून टाका. लंडन आणि ॲमस्टरडॅम. नऊच्या नऊ रात्री पॅरिसमध्ये राहा, एकाच घरात.

नऊ रात्री म्हणजे दहा दिवस. त्यातला पहिला आणि शेवटचा विमानात, विमानतळावर आणि बॅगा आवरण्यात जातो. उरले आठ. शहर बदलण्याचे दोन दिवस त्यातून वजा करा, कारण लंडन ते पॅरिस रेल्वेचा प्रवास कागदावर सव्वादोन-अडीच तासांचा दिसला, तरी पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनावरच होते, त्यासाठी तास-दीड तास आधी पोचावं लागतं. सकाळी खोली रिकामी करायची, बॅगा ओढत स्टेशन गाठायचं, उतरल्यावर नवीन घर शोधायचं, चावी घ्यायची. लेक हे सगळं करताना तिच्या दुपारच्या झोपेला मुकणार. पॅरिस ते ॲमस्टरडॅम तर तीन तासांच्या वर. म्हणजे तीन शहरांसाठी हातात राहिले सहा दिवस, आणि त्यातलेही पहिले दोन-तीन शरीराचं घड्याळ जुळवण्यात जाणार. साधारण नियम असा की वेळेत जितक्या तासांचा फरक, जवळजवळ तितके दिवस शरीर जुळायला घेतं. तुमची लेक पहिल्या रात्री पहाटे चारला टक्क जागी होऊन खेळायला बसेल. ते ज्या घरात होईल, तेच घर चौथ्या दिवशी तिच्या ओळखीचं झालेलं असतं. मुलाला नवीन ठिकाणी रुळायला तीन रात्री लागतात आणि तुमच्या तक्त्यात बरोबर तिसऱ्या रात्रीनंतर बॅगा भरल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. तुम्हाला व्हिसा लागत असेल, तर लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा आणि पॅरिस-ॲमस्टरडॅमसाठी शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) वेगळा, असे दोन अर्ज होतात. लंडन गेलं की तिघांची एक अख्खी फाईल गेली.

आता, पॅरिसच का? खरं सांगायचं तर लहान मुलासाठी या तिघांत लंडन सोपं. तिथली मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत, त्यामुळे वीस मिनिटांत बाहेर पडलं तरी जीव हळहळत नाही. तरीही मी पॅरिस म्हणते आहे, कारण तुमच्या घरातल्या एका माणसाचं मन कॉलेजपासून तिथं अडकलेलं आहे. फक्त मुलाला सोयीचं म्हणून निवडलेल्या शहरात आईवडील चौथ्या दिवशी कंटाळतात, आणि कंटाळलेले आईवडील मुलाला दमलेल्या पायांपेक्षा जास्त त्रास देतात. शहर मोठ्यांच्या आवडीचं असू द्या. दिवस मात्र लेकीच्या घड्याळावर चालू द्या.

हा दिवस कसा असावा, यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळा प्रश्न इथंच आहे. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. ती सकाळी. नऊ-साडेनऊला घराबाहेर, बाराच्या आसपास परत किंवा जेवायला, मग झोप. झोप घरी होऊ दे किंवा बाबागाडीत, पण व्हायला हवी. चारनंतर बाग. संध्याकाळचं जेवण घरी. तक्त्यातल्या रोजच्या चार-पाच ओळींपैकी तीन-चार जातील, आणि तुमच्या नवऱ्याला सुरुवातीला फार वाईट वाटेल. त्याला सांगा की नऊ रात्रींत आठ सकाळी मिळतात, आणि आठ सकाळींत पॅरिसमधल्या आठ चांगल्या गोष्टी पोट भरून बघून होतात. जुन्या तक्त्यात पॅरिसच्या वाट्याला दोनच सकाळी होत्या.

एक सकाळ मुद्दाम कोरी ठेवा. ती कशासाठी, ते माझ्यावरून सांगते.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही परदेशातल्या एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथल्या एका राजवाड्याची ठरलेल्या वेळेची तिकिटं महिनाभर आधी काढलेली होती. त्या सकाळी त्याचं अंग किंचित कोमट लागलं. नवरा म्हणाला, आज राहू दे. मी म्हटलं, तिकीट वाया जाईल. पाऊण तास रांगेत उभे राहिलो. आत गेल्यावर त्यानं भर दालनात रडायला सुरुवात केली, थांबेना. मी त्याला रागावले, दंड धरून रागावले, सगळ्यांसमोर. तिथल्या एका पहारेकरी बाईंनी खुर्ची आणून दिली आणि त्याच्यासाठी पाणी आणलं. बाहेर आलो तेव्हा त्याला चांगलाच ताप होता. त्या राजवाड्यातली एकही खोली आज माझ्या डोळ्यांसमोर नाही. त्याचा तो घाबरलेला चेहरा आहे. तिकिटाची रक्कम किती होती, तेही आठवत नाही. म्हणून सांगते, लेक सकाळी म्लान दिसली तर ते तिकीट टाकून द्या, त्याच क्षणी, एकमेकांकडे न बघता. आणि शक्यतो जिथं तारीख बदलता येते तेच तिकीट काढा.

आता लूव्र. तिथं सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर दहा सेकंद थांबायचं म्हटलं तरी सत्त्याण्णव तास लागतील, म्हणजे न झोपता चार दिवस. लेक बरोबर असो वा नसो, कुणीही लूव्र 'पूर्ण' बघत नाही. नवऱ्याला हे कळलं की अर्धं भांडण तिथंच मिटेल.

तिथं दोनदा जायचं. एकदा तिघांनी, एकदा त्यानं एकट्यानं. लूव्र मंगळवारी बंद असतं, पण बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. त्यातल्या एका संध्याकाळी त्याला साडेचारला मोकळं सोडा आणि बंद होईपर्यंत विचारूही नका कुठे आहेस. त्यानं इतकी वर्षं जपलेली इच्छा आहे. बाबागाडी ढकलत, 'आता चला ना' ऐकत ती पुरी करायला लावू नका.

तिघं जाल ती सकाळ नऊ वाजता, दार उघडताना. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट असला, तरी वेळ तिच्याही नावानं राखून ठेवा. काचेच्या पिरॅमिडखाली उतरलात की जवळजवळ सगळी गर्दी मोनालिसाकडे, देनों विभागाकडे वळते. तुम्ही उलट्या बाजूला, रिशलिअ विभागात जा. तिथं तळमजल्यावर खोर्साबादचं दालन आहे. इसवीसनापूर्वी आठव्या शतकातल्या असीरियन राजाच्या महालाच्या दारावरचे बैल तिथं उभे आहेत: माणसाचा चेहरा, गरुडासारखे पंख, चार मीटरहून उंच. लेकीला पाय मोजायला सांगा. समोरून दोन दिसतात, बाजूनं चार, आणि कोपऱ्यावर उभं राहून मोजले की पाच. शिल्पकारानं समोरून बैल उभा दिसावा आणि बाजूनं चालताना दिसावा म्हणून पाचवा पाय कोरला आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीला पाचपर्यंत मोजता येतं आणि बैलाला पाच पाय नसतात हेही माहीत असतं, त्यामुळे ती ही गोष्ट तुमच्याइतकीच, कदाचित जास्त, मन लावून बघेल. तिथून इजिप्तच्या बाजूला टानिसचा प्रचंड स्फिंक्स (सिंहाचं अंग, माणसाचं डोकं) बघायला जाता येईल, पण ती दमली असेल तर नको. तासाभरात बाहेर.

बाहेर पडलात की समोरच तुइलरीची बाग सुरू होते. त्या बागेत लहान मुलांसाठी खेळायची जागा आहे, घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे, बसायला लोखंडी खुर्च्या आहेत. बागेच्या दुसऱ्या टोकाला ओरांजरी नावाचं छोटं संग्रहालय आहे. दोन लंबगोल दालनांत मोने या चित्रकाराची कमळांची आणि तळ्यांची आठ अवाढव्य चित्रं, तासाभरात नीट बघून होणारी. (हेही मंगळवारी बंद असतं.) दोन संग्रहालयांच्या मध्ये खेळायची बाग अशी ही जागा असल्यानं पाळी लावता येते: एकानं आत जायचं, दुसऱ्यानं बागेत लेकीबरोबर राहायचं, मग अदलाबदल. मूल असलेल्या जोडप्यानं शहर बघायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. दोघांनी सगळं बरोबरच बघायचा हट्ट मात्र सोडावा लागतो.

लक्झेंबर्ग बागेसाठी एक अख्खा दिवस ठेवा. हवा बरी असेल तेव्हा तिथल्या मोठ्या अष्टकोनी तळ्याकाठी छोट्या शिडाच्या होड्या भाड्यानं मिळतात. एक लांब काठी देतात, होडी ढकलायची, वारा तिला पलीकडे नेतो, मुलं काठाकाठानं धावत जाऊन पुन्हा ढकलतात. त्याच बागेत कठपुतळ्यांचं थिएटर आहे. भाषा कळली नाही तरी चालतं. तिसरी बाग जार्दँ दे प्लाँत. तिथं 1794 पासूनचं लहानसं प्राणिसंग्रहालय आणि उत्क्रांतीचं मोठं दालन आहे. त्या दालनात पेंढा भरलेले हत्ती, जिराफ, झेब्रे एका ओळीत निघालेले, जणू कुणीतरी हाक मारली आहे. पाऊस असेल त्या सकाळी इथं जा. ला व्हिलेतच्या विज्ञान केंद्रात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथं ठरलेल्या वेळेची तिकिटं असतात आणि सोमवारी बंद. बुधवार आणि शनिवार-रविवार टाळा, कारण फ्रान्समध्ये बुधवारी दुपारी बहुतेक शाळांना सुट्टी असते आणि सगळी मुलं तिथंच असतात.

आयफेल टॉवर. वर जायचंच असेल तर लिफ्टची तिकिटं साधारण साठ दिवस आधी खुली होतात, तेव्हाच काढा. मी तुमच्या जागी असते तर वर गेले नसते. खाली हिरवळीवर बसले असते. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला टॉवर पाच मिनिटं लुकलुकतो, आणि इथंच तुमच्या रजेचा प्रश्न सुटतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. लुकलुकणं बघायला लेकीला अकरापर्यंत जागं ठेवावं लागेल. रोज रात्री साडेआठला खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना तिला 'झोपायची वेळ झाली' हे पटवावं लागेल, ते वेगळंच. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, नऊचे दिवे तिला बघता येतात. एका रात्रीपुरती झोप उशिरा झाली तर काही बिघडत नाही. ऊनही तेव्हा मऊ झालेलं असतं. सप्टेंबरची रजा घ्या. बॅगेत एक हलकं जॅकेट आणि रेनकोट टाका, कारण तो पावसाचा काळ नसला तरी सर कधीही येते.

बाबागाडी न्या. तिनं सोडली असली तरी न्या. घडी होऊन विमानाच्या दारापर्यंत जाणारी, एका हातानं उचलता येईल अशी. घरापासून बागेपर्यंत चालणारं मूल आणि दिवसभर शहरात चालणारं मूल यांत फार फरक आहे. ती 'जागच्या जागी बसते', असं तुम्ही लिहिलं आहे. तो हट्ट नसेल, तिचे पाय संपलेले असतात. बसायला जागा मिळाली की किरकिर निम्मी होते, आणि दुपारची झोप बागेतल्या झाडाखाली होऊन जाते. आयफेल टॉवरवर घडी होणारीच बाबागाडी चालते, म्हणूनही मोठी नको.

पण ही बाबागाडी घेऊन मेट्रोत शिरताना विचार करा. पॅरिसची मेट्रो 1900 सालची आहे. तीनशेवर स्टेशनं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना लिफ्ट नाही. जिने, वळणं, पुन्हा जिने. शात्ले आणि मोंपारनास या स्टेशनांत गाडी बदलायची म्हणजे भुयारातून भरपूर चालणं आहे. लिफ्टची सोय सगळ्या स्टेशनांवर असलेली एकच ओळ आहे, चौदा नंबरची. म्हणून बस. पायरी खाली असते, बाबागाडी मधल्या दारानं आत जाते, आणि खिडकीतून शहर दिसतं. 69 नंबरची बस आयफेल टॉवरच्या हिरवळीपासून निघून ऑर्से संग्रहालय, लूव्र, नगरपालिकेची इमारत, बास्तीय अशी पूर्वेकडे जाते. दमलेल्या दुपारी नुसतं या बसमध्ये बसून राहणं हीच सहल होऊ शकते. लेकीला मेट्रोची मजा द्यायचीच असेल तर चौदा किंवा एक नंबरच्या ओळीवर पहिल्या डब्यात, अगदी पुढच्या काचेशी उभं राहा. या गाड्यांना चालक नाही, त्यामुळे समोरचं भुयार अंगावर येताना दिसतं. चार वर्षांखालच्या मुलांना बस-मेट्रोला तिकीट लागत नाही.

विमानतळावरून घरी जाताना पहिल्या दिवशी टॅक्सी घ्या. विमानतळ ते शहर हे टॅक्सीचे दर तिथं ठरलेले आहेत, घासाघीस नाही. मुलाच्या आसनाची सक्ती टॅक्सीला नसल्यामुळे ते हवं असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. आणि विमान पहाटे उतरत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: खोली बहुधा दुपारी तीन-चारला मिळते. ते आठ-नऊ तास झोपाळलेल्या मुलाबरोबर रस्त्यावर काढायची वेळ येते. शक्य असेल तर आदल्या रात्रीपासूनचं घर घ्या. आठवी-नववी प्रेक्षणीय जागा सोडून तो खर्च इथं करावा, असं माझं ठाम मत आहे.

घर निवडताना मी चार गोष्टी बघते. झोपायची खोली वेगळी आहे का, कारण एकाच खोलीत लेक आठला झोपली की तुम्ही दोघं अंधारात बसून फोन बघत राहता. लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींत पुष्कळदा नसते, आणि 'पहिला मजला' म्हणजे तळमजल्याच्या वरचा. कपडे धुवायचं मशीन. आणि छोटं का होईना, स्वयंपाकघर. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण तिथल्या पुष्कळ रेस्टॉरंटांचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाही. तुमच्या लेकीला भूक लागणार साडेपाचला. तिच्या ओळखीचं, तिला आवडणारं दोन वेळांपुरतं काहीतरी तुमच्या बॅगेत असू द्या आणि खाण्यावरून या दहा दिवसांत तिच्याशी वाद घालू नका. ती रोज पावावरच जगली तरी परत आल्यावर सुरळीत होईल. खिडक्या किती खाली आहेत आणि त्यांना अडणा लागतो का, हे घरात शिरल्या शिरल्या आधी बघा, बॅगा उघडायच्या आधी. भाग म्हणाल तर (पॅरिसच्या भागांना क्रमांक आहेत) पाचवा किंवा सहावा, म्हणजे लक्झेंबर्ग आणि जार्दँ दे प्लाँत या दोन बागांच्या आसपासचा. पहाटे उठलेल्या लेकीला घेऊन एकानं सातला कोपऱ्यावरच्या बेकरीत जावं, दुसऱ्यानं झोपावं. दुसऱ्या दिवशी उलट. शरीराचं घड्याळ जुळायला मात्र चारनंतरचं बागेतलं ऊन जास्त मदत करतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: लेकीचा स्वतंत्र पासपोर्ट, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा. मुलांच्या पासपोर्टची मुदत बऱ्याच देशांत मोठ्यांपेक्षा कमी असते, म्हणून तारीख आजच बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. तुमचं आणि तिचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. प्रवास विमा काढाच. शेंगेनला तो लागतोच.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असू द्या, नुसतं कंपनीचं नको. तापाच्या औषधाची मात्रा तिच्या आत्ताच्या वजनावर विचारून लिहून घ्या. विमान उतरायला लागलं की तिला घोट घोट पाणी द्या किंवा काहीतरी चघळायला, गिळलं की कान मोकळे होतात. रोज सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला तिचा एक फोटो काढा आणि तुमचा नंबर तिच्या मनगटावर पेननं लिहा. चुकामूक झाली तर 'पिवळा फ्रॉक होता बहुतेक' असं आठवत बसावं लागत नाही. मदतीचा नंबर 112.

एक बारीक पण खरंच कामाची गोष्ट. रस्त्यांवर राखाडी रंगाची फुकट स्वच्छतागृहं आहेत. प्रत्येक वापरानंतर दार बंद होऊन आतली खोली आपोआप धुतली जाते. म्हणून आधीचा माणूस बाहेर पडला की उघड्या दारातून घाईनं आत शिरू नका. दार बंद होऊ द्या, धुणं होऊ द्या, मग बटण दाबा.

आता मोठ्यांचं म्हणणं. त्यांचं निम्मं बरोबर आहे. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं पुसलं जातं. तुमची लेक त्याच उंबऱ्यावर आहे. वीस वर्षांनी तिला पाच पायांचा बैल आठवेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण चार-पाच वर्षांची मुलं वर्षभरापूर्वीच्या गोष्टी तपशिलानं सांगतात, आणि ज्या गोष्टींबद्दल घरात पुन्हा पुन्हा बोललं जातं त्या जास्त टिकतात. तिला पुढचं वर्षभर तरी ती होडी, तो बैल, ते लुकलुकणं तिचं स्वतःचं म्हणून मिळेल. मोठ्यांशी वाद घालू नका. त्यांना रोज संध्याकाळी लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला द्या आणि 'आज काय बघितलंस?' असं त्यांनीच तिला विचारू द्या. तिची आठवण पक्की करायचं काम मग तेच करतील.

तुम्ही विचारलं आहे, आम्ही चुकतोय का. जाण्यात काही चूक नाही. मात्र तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात नवऱ्याचं लूव्र आहे, लेकीची झोप आहे, मोठ्यांचा आक्षेप आहे, तक्त्याचा दम आहे. तुम्हाला स्वतःला त्या शहरात काय बघायचं आहे, याची एक ओळही नाही. कदाचित कुणी विचारलं नसेल, कदाचित तुम्हीच स्वतःला विचारलं नसेल. पहिल्यांदा परदेशात जाणारी माणसं या घरात तीन आहेत.

नवा तक्ता तुम्ही दोघं बसून करा. शुक्रवारची संध्याकाळ त्याच्या नावावर लिहा. मग आदल्या दिवशीची, गुरुवारची दुपार, दोन ते सहा, तुमच्या नावावर लिहा. त्या चौकटीत काय भरायचं ते आत्ता ठरलं नाही तर रिकामी राहू द्या. त्या चार तासांत लेक बाबाबरोबर तळ्याकाठी होडी ढकलत असेल. मला कळवा तुम्ही कुठे गेलात ते.

तुमची,
ताई